छातीवरचे नाव

२०२५ च्या जून महिन्यात पीककर्जाच्या प्रश्नावर बैठक घेण्यासाठी आम्ही तिघे कार्यकर्ते सेलू तालुक्यातील एका गावी गेलो होतो. पेरणीचे दिवस होते. माणसे शेतातून परतून हातपाय धुऊन जमेपर्यंत अंधार पडणार हे ठरलेलेच. तोवर समाजमंदिराच्या ओट्यावर बसून समोर चाललेला पोरांचा क्रिकेटचा खेळ पाहण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. त्या पोरांत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा लाल-काळा सदरा घालून गोलंदाजी करीत होता. पाठीवर १८ हा आकडा आणि छातीवर इंग्रजी अक्षरांत बंगळूरच्या संघाचे नाव. त्याला जवळ बोलावून विचारले, "हे काय लिहिलं आहे रे?"

"आमच्या टीमचं नाव होय जी, काका."

त्या संघाने नुकतेच, ३ जून रोजी, अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर प्रथमच अजिंक्यपद जिंकले होते. शिवाय अमरावतीचा जितेश शर्मा त्याच संघातून खेळला होता. तेव्हा 'आमची टीम' म्हणण्याचा त्या मुलाचा हक्क आपण मान्य केला पाहिजे. त्याची आजी ओट्याच्या कडेला बसून हे ऐकत होती. ही बाई पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावातील हातभट्ट्या फोडणाऱ्या बायकांच्या पुढे असे, हे आमच्या स्थानिक सहकाऱ्याने आधीच सांगितले होते. मी तिला म्हटले, "आजी, तुमच्या नातवाच्या छातीवर दारूच्या बाटलीवरचं नाव आहे." तिला प्रथम ते थट्टेचे वाटले. खरे आहे असे कळल्यावर तिने विचारले, "मंग सरकारले हे चालते काय जी?"

चालते. कसे चालते, ते सांगतो.

आपल्या वर्धा जिल्ह्यात गेल्या शतकातील सत्तरीच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या भूमीचा तो मान आहे, असे सरकारी भाषणांतून आपण ऐकत आलो. बंदी किती पाळली जाते आणि मोहाची हातभट्टी कोणाच्या आशीर्वादाने पेटते, हे या पत्राच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. पण निदान दारूची जाहिरात तरी आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर येऊ नये, अशी अपेक्षा कोणी केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. दूरचित्रवाणीवर मद्याच्या आणि तंबाखूच्या जाहिरातींना देशभर मनाई आहे. म्हणून मद्यसम्राटांनी आडवाट काढली. दारूचेच नाव सोड्याला द्यायचे, पाण्याच्या बाटलीला द्यायचे, संगीताच्या तबकडीला द्यायचे, आणि जाहिरात सोड्याची म्हणून करायची. २००८ साली क्रिकेटची व्यापारी साखळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा विजय मल्ल्या यांच्या मद्य कंपनीने बंगळूरचा संघ विकत घेतला आणि आपल्या व्हिस्कीचे नाव एक अक्षर वाढवून त्या संघाला दिले. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दादही मागण्यात आली. नाव 'चॅलेंज' नसून 'चॅलेंजर्स' आहे, असा भेद तेथे दाखविला गेला आणि अर्ज फेटाळला गेला. त्या एका अक्षराच्या जोरावर व्हिस्कीचे नाव दारूबंदीच्या जिल्ह्यात, शाळकरी मुलाच्या छातीवर, त्याच्या आईने निंदणाच्या मजुरीतून घेतलेल्या सदऱ्यावर येऊन बसले. सोडा विकायला निदान दुकान तरी लागते.

परतीच्या वाटेवर आमच्यात याच विषयावर वाद झाला. आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हे सगळे क्रिकेटपटू भांडवलदारांचे भाट आहेत. आपल्या मुलांच्या शिबिरांत त्यांची नावेही घेऊ नयेत. आदर्श हवेत तर भगतसिंग आहेत, साने गुरुजी आहेत." तरुण सहकाऱ्याचे म्हणणे उलट होते. खेळाडूंनी इतका पैसा मिळविला, आता त्यांनी जबाबदारीने वागावे, मुले आपल्याकडे पाहत आहेत याचे भान ठेवावे, एवढीच आपली मागणी असावी. मला दोन्ही मते अपुरी वाटली. त्या दोघांनाही उत्तर म्हणूनच हा लेख आहे.

ज्येष्ठांचे मत आधी घेऊ. मूल आपला आदर्श आपल्या शिबिराच्या वेळापत्रकाप्रमाणे निवडत नसते. ज्या वयात हातापायांत बळ येऊ लागते, त्या वयात त्याला धावणारा, झेप घेणारा, चेंडू लांब भिरकावणारा माणूस आवडतो. हा त्या वयाचा धर्म आहे. आपण नावे घेतली नाहीत तर जाहिरातदार घेतीलच, आणि मग त्या नावांचा अर्थ सांगण्याची मक्तेदारी त्यांच्याकडे राहील.

तरुण मित्राच्या मताचा विचार जरा अधिक करावा लागेल, कारण ते सभ्य माणसांचे आवडते मत आहे. खेळाडूने चारित्र्य राखले की प्रश्न मिटला, असे ते समजते. याला सचिन तेंडुलकर यांच्याइतके बोलके उदाहरण नाही. त्यांचे वडील प्रा. रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. तंबाखूची जाहिरात करणार नाही असे वचन आपण वडिलांना दिले होते, हे सचिन यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे, आणि ते त्यांनी पाळले. त्यासाठी मोठ्या रकमा नाकारल्या. त्यांचा आदर केलाच पाहिजे. पण १९९६ च्या विश्वचषकात त्यांनी सर्वाधिक ५२३ धावा केल्या, त्या स्पर्धेचे नावच विल्स होते. ते एका सिगारेटचे नाव. नव्वदीच्या दशकात भारतीय संघाच्या गणवेशावरही काही वर्षे तेच नाव होते. ज्याने आपल्या बॅटवर तंबाखूचे नाव येऊ दिले नाही, त्याच्या खेळाचा सारा वैभवकाळ तंबाखूच्या नावाखाली गेला. बॅट त्याची होती, छाती मात्र मंडळाने विकलेली होती.

पुढे निवृत्तीनंतर, २०१४ साली भारतरत्न स्वीकारल्यानंतर, हेच सचिन २०२० मध्ये पैसे लावून खेळण्याच्या एका भ्रमणध्वनीवरील खेळ कंपनीचे प्रचारक झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी वांद्र्याला त्यांच्या घरासमोर आंदोलन केले. जाहिरात सोडा नाहीतर भारतरत्न परत करा, अशी त्यांची मागणी होती. त्या मागणीत थोडा तमाशाही असेल. पण ज्या गावांत कापसाचे पैसे हाती येताच तरुणांच्या बोटांखाली रात्रीतून नाहीसे होत होते, त्या गावांचा संताप त्यातून बोलत होता, हे आपण ओळखले पाहिजे. वडिलांना दिलेल्या वचनात तंबाखू होती. भ्रमणध्वनीवरच्या जुगाराची कल्पना त्या पिढीतील कवीला कोठून असणार? नीतिमान माणसाने एक दार लावले की बाजार भिंतीला दुसरे दार पाडतो. पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड अजिंक्यपद जिंकल्यावर शीतपेयाची जाहिरात नाकारली. जे पेय आपण पीत नाही ते मुलांना प्या म्हणून सांगणार नाही, असा त्यांचा विचार होता. थोर गोष्ट आहे. त्यांच्या नकाराने पेयाची एक बाटली तरी कमी खपली काय, हा प्रश्न मात्र उरतो. ती जाहिरात दुसऱ्याने केली असणारच.

१९९३ साली अमेरिकेत चार्ल्स बार्कली या बास्केटबॉलपटूने जाहीर केले की, मी मुलांचा आदर्श नाही. आदर्श होण्याचे काम आईबापांचे आहे. किती प्रांजळ! पण हे तो एका बुटांच्या कंपनीच्या जाहिरातीत म्हणाला होता, आणि त्या प्रांजळपणावरही बूट खपले.

तेव्हा खेळाडू चांगला की वाईट, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या चांगलेपणाची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. तो विचारायचा तर खेळाडूकडे देव म्हणून किंवा भाट म्हणून न पाहता श्रम विकणारा माणूस म्हणून पाहायला शिकावे लागेल.

हिंगणघाटच्या बाजारात आपल्या मुलांनी लिलाव पाहिलेला असतो. गाडीतल्या कापसात हात घालून तो चिमटीत ओढून पाहणारा व्यापारी त्यांना ठाऊक असतो. खेळाडूंच्या खरेदीलाही लिलाव हाच शब्द आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या लिलावात ऋषभ पंत यांना २७ कोटी रुपयांची बोली लागली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे एका खेळाडूची एका हंगामाची किंमत जवळजवळ ३६,००० क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतात एकरी पाच क्विंटल धरले तर सात हजारांहून अधिक एकरांचे पीक. आणि तो भाव तरी प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडला? हा हिशेब मी त्या खेळाडूविषयी असूया वाटावी म्हणून मांडत नाही. त्याच्यावर बोली लावणारे आपले पैसे कोठून वसूल करतात, ते कळावे म्हणून मांडतो. ते ३६,००० क्विंटलवाल्यांच्या घरातूनच वसूल होतात. सदऱ्यातून, सोड्यातून, वेलचीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीतून आणि भ्रमणध्वनीवरच्या पैजेतून. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे. त्या नंतरच्या काळात पानमसाल्याचेच नाव लावलेल्या वेलचीच्या जाहिरातीत सुनील गावस्कर आणि कपिल देव यांच्यासारखे, आमच्या पिढीने ज्यांच्यासाठी रेडिओला कान लावले ते खेळाडू दिसले. याचे दुःख झाले, हे लपवीत नाही. आपल्या विदर्भाला तर हा संबंध फार पूर्वी कळायला हवा होता. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करण्यास आले, वर्धा त्या सहा जिल्ह्यांत होता. त्या वेळी देशाचे कृषिमंत्री आणि क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे होती.

खेळाडू श्रम विकतो, असे म्हटले की काहींना हसू येते. कोट्यधीशाला मजूर कसे म्हणावे? पण ज्या एकाला बोली लागते त्याच्यामागे न लागलेले हजारो असतात, आणि बोली लागलेल्याचाही हंगाम त्याच्या गुडघ्यांइतकाच टिकतो. आपल्या शेजारचे उमेश यादव पहा. नागपूरजवळच्या वलनी कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा. सैन्यात, पोलिसांत नोकरी मिळविण्याची धडपड त्याने केली. ती साधली नाही म्हणून त्याचा वेग क्रिकेटला मिळाला, आणि २०११ मध्ये विदर्भाकडून खेळणारा तो पहिला कसोटीपटू ठरला. मुलांना त्याची मोटार दाखविण्याऐवजी वलनीची खाण दाखवावी.

आता आपल्याच इतिहासातील एक गोष्ट सांगतो. ती आपल्या शिबिरांत का सांगितली जात नाही, याचे मला नवल वाटते. पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे काम त्यांना मिळाले, महिना तीन रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपयांवर गेले. जाळी बांधावी, खेळपट्टी सारखी करावी आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकावेत. फलंदाजी त्यांना कोणी दिली नाही, ती साहेबांची. या मजुरीतून जगातील उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांपैकी एक घडला. मग पुण्याच्या हिंदूंना साहेबांचा पराभव करण्यासाठी बाळू हवेसे झाले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण हातांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र बाळू बाहेर, आणि त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले, आणि तेही दीर्घ झगड्यानंतर.

अस्पृश्य समाजातील एका संपूर्ण पिढीचे बाळू हे आदर्श होते. डॉ. आंबेडकर आपल्या सार्वजनिक जीवनाच्या आरंभी त्यांच्या गौरवात आघाडीवर होते. पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांच्या विरोधात उतरविले. स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. त्या मतदारांचा विचार करा. त्यांतील कितीतरी जणांनी लहानपणी बाळूंच्या नावाने टाळ्या पिटल्या असतील. टाळ्या पिटलेल्या हातांनीच त्यांनी मत दुसऱ्याला दिले. गोलंदाजी मोठी होती म्हणून राजकारण मान्य केले नाही. काँग्रेसने बाळूंना उमेदवारी दिली ती त्यांची कीर्ती मतांत वटविण्यासाठी, हेही त्यांना उमगले असावे. गिरणगावातल्या, बहुतांशी निरक्षर माणसांना जो विवेक साधला, तो आपण शाळकरी मुलांना शिकवू शकत नाही काय? विभूतिपूजा आणि विभूतिभंजन यांच्यामध्ये ही तिसरी वाट आहे, आणि ती आपल्याच माणसांनी पाडली आहे.

खाशाबा जाधवांची कथा पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांच्यापाशी पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा गोळेश्वरच्या वाटेवर शंभरावर बैलगाड्या स्वागताला होत्या. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून त्या पैशांतून कर्ज फेडले. त्यांच्या छातीवर कोणाचे नाव होते? ज्यांनी पैसे दिले त्यांना काही विकायचे नव्हते. याचा अर्थ खेळाडूने दरिद्री राहावे असा कोणी काढू नये. सरकारने त्यांची केलेली उपेक्षा हा अन्यायच होता.

बाळू निवडणूक हरले त्याच १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा विचार देशापुढे आला. हाताने काम करता करता मूल शिकते, हे त्याचे सार. सूत कातलेल्या मुलाला कापडाची किंमत सांगावी लागत नाही. खेळालाही हे लागू आहे. जो मुलगा स्वतः उन्हात धावला आहे त्याला बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत सव्वाआठ मिनिटांच्या आत संपवितो म्हणजे काय करतो, ते पायांत कळते. त्याचा आदर्श त्याच्या अंगातून उगवतो. जो फक्त पडद्यासमोर बसतो त्याला खेळाडूचा चेहरा तेवढा मिळतो, आणि चेहरा कशालाही चिकटविता येतो. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा म्हणून साबळेची ओळख किती मुलांना आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा सरकारचाच अंदाज असा होता की, ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये त्यांत गमावतात. भारतीय संघाच्या छातीवर २०२३ पासून अशाच एका कंपनीचे नाव होते. कायदा होताच ते उतरले. म्हणजे सरकारच्या मनात आले तर छातीवरचे नाव आठवड्याभरात उतरते. दारूचे नाव मात्र त्याला दिसत नाही.

विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. २०२३ च्या उन्हाळ्यात साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया हे कुस्तीगीर जंतरमंतरवर बसले होते. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेले. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील खेळाडूंनी त्यांच्या बाजूने पत्रक काढले, हे त्यांचे ऋण मानले पाहिजे. कपिल आणि गावस्करही त्याच संघातले. वेलचीवाले म्हणून त्यांना मोडीत काढणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. त्या वेळी खेळत असलेल्या मोठ्या क्रिकेटपटूंपैकी बहुतेक गप्प होते. मुलांनी याचे कारण विचारले तर त्यांना भित्रे म्हणून मोकळे होऊ नये. कराराच्या कागदावर त्यांच्या जिभेचीही किंमत धरलेली असते, हे समजावून सांगावे.

त्या रात्रीची बैठक पीककर्जावर झाली आणि नीट झाली. उठताना त्या आजीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. दारूबंदीच्या जिल्ह्यात मद्याच्या नावाचे सदरे, फलक आणि सामन्यांच्या जाहिराती यांना मनाई करावी, अशा मागणीचे निवेदन तिच्या पहिल्या अंगठ्यासह तयार झाले. अशी निवेदने प्रत्येक तालुक्यातून जिल्हाधिकाऱ्यांकडे जावीत. त्यांच्या अधिकारात ते नसेल तर कोणाच्या अधिकारात आहे, हे तरी लेखी मिळेल. नातवाला सदरा काढायला कोणी सांगितले नाही. त्याला दुसरा सदरा आहे की नाही, हेही आम्हांला ठाऊक नव्हते.

पोरांचे गाऱ्हाणे वेगळेच होते. शाळेमागच्या ज्या गायरानात ती खेळत, तेथे रस्त्याच्या कामाची गिट्टी येऊन पडली होती, म्हणून ती समाजमंदिरासमोर खेळत होती. ती जागा खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवावी असा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या सहकाऱ्यांनी मांडला आणि तो संमत झाला. गिट्टी अजून तेथेच आहे. मोजणीसाठी अर्ज केला आहे, आणि दर सोमवारी दोघे जण तहसील कचेरीत जाऊन त्याची चौकशी करतात.